रहिमतपूर मागं पडल्यावर

आकाराम सुभेदार फौजेतून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं झाली, पण त्यांच्या पँटीची इस्त्री काही निवृत्त झाली नाही. कराडजवळच्या त्या गावात माणसं बनियनवर डेअरीला दूध घालायला जातात. सुभेदार मात्र तिथंही खोचलेला शर्ट, चकाकते बूट आणि पीळ दिलेल्या मिशा घेऊन रांगेत उभे. "माणूस कापडावरनं कळतो, गड्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐकणारे कंटाळले, सुभेदार कधी कंटाळले नाहीत.

त्यांची सून राजनंदिनी कराडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. जीन्स, वर कुर्ता, डोक्याला हेल्मेट, आणि गाडीवरून भुर्रकन जायची. भावकीत कुणी नाक मुरडलं की सुभेदार कडाडायचे, "सून माझी हाय. काय घालायचं त्ये ती ठरवंल!" त्यामुळं गावात त्यांचं सुधारलेला माणूस म्हणून नाव झालं. ते नाव त्यांना फार आवडायचं.

गेल्या महिन्यात एका रविवारी त्यांची बायको मनुबाई मेथी निवडत बसल्या होत्या. राजनंदिनीनं सहज विचारलं, "आई, तुम्ही आबांबरोबर जबलपूरला तीन वर्षं होतात ना? तिथं कधी ड्रेस नाही घातलात?"

कोपऱ्यात सुभेदार पेपर वाचत होते. त्यांचं वाचणं थांबलं.

"न्हाई गं बाई," मनुबाई म्हणाल्या. "आमच्यात कुठलं आलंय त्ये."

सुभेदारांना आधी हायसं वाटलं. हायसं वाटलं म्हणूनच मग स्वतःची किळस आली. त्यांची अब्रू राखायला बायको सुनेशी धडधडीत खोटं बोलली होती.

घातला होता की! शेजारच्या सरदारणीनं शिवून दिलेला पिवळा पंजाबी ड्रेस घालून मनुबाई सायकल शिकल्या. पोराला बालवाडीत सोडायला, दवाखान्यात, कँटीनला एकट्या जाऊ लागल्या. मोडक्यातोडक्या हिंदीत भाजीवाल्याशी भांडून जिंकून यायच्या. सासऱ्यासमोर जिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, ती तिथं खळखळून हसायची. आकाराम तेव्हा हवालदार होते आणि त्यांना बायकोचा अभिमान होता. पण जबलपुरापुरताच.

कारण सुट्टीवर गावी येताना फौजींच्या घरात एक रीत होती. पुण्याहून निघालेल्या गाडीनं रहिमतपूर मागं टाकलं, की बायका एकेक पिशवी उचलून डब्याच्या टोकाला संडासाकडं वळायच्या. आत जाताना ड्रेस, बाहेर येताना साडी आणि डोक्यावर पदर. कराडला उतरायची ती गावची सून. मनुबाई दोन वर्षं त्या रांगेत उभ्या राहिल्या. तिसऱ्या वर्षी, जबलपूर कायमचं सोडून येताना, त्या जागच्या उठल्याच नाहीत.

"आसू द्या की. मामंजींस्नी मी सांगते. वाईट काय दिसतंय ह्यात?"

"गावात शोभा करायची हाय का माझी?" हवालदार खेकसले. "बदलणार नसलीस तर उतरूच नगंस!"

अख्खा डबा ऐकत होता. मनुबाई उठल्या. कराडला सामान उतरवताना ड्रेसची पिशवी गाडीतच राहिली. राहिली म्हणजे हवालदारांनी ती राहू दिली, आणि घरी आल्यावर विसरली म्हणून सांगितलं.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्या रविवारनंतर सुभेदारांना घास गोड लागेना. सून गाडी काढायला लागली की ते मान खाली घालायचे. पाचव्या दिवशी गोठ्यात, मनुबाई म्हशीची धार काढत असताना, एकदाचे बोलले.

"ती पिशवी मी इसरलो न्हवतो. मुद्दाम ठिवली. लय चुकलं माझं."

मनुबाईंनी धार थांबवली नाही. "ठावं हाय मला. मी बी बघितली हुती शिटाखाली."

"मग उचलली का न्हाईस?"

"उचलून घालायची कुठं?"

दुसऱ्याच दिवशी कराडला जाऊन सुभेदारांनी स्वतः निळं कापड आणलं, राजनंदिनीनं त्याचा पंजाबी ड्रेस शिवून घेतला. मनुबाई "ह्या वयात?" म्हणत पंधरा दिवस हातही लावीनात. पण साताऱ्याला माजी सैनिकांचा मेळावा होता, त्या सकाळी त्या तो ड्रेस घालून बाहेर आल्या. आरशासमोर जरा जास्तच वेळ थांबल्या, खांदे मागं घेतले आणि "कसा दिसतोय?" असं चक्क विचारलं. आपल्याला माफी मिळाली असं सुभेदारांना वाटलं.

दोघं एसटी स्टँडकडं निघाली. पारावर गावातलं जुनं खोड, धुळातात्या, एकटेच बसले होते. त्यांनी मान वर केली.

"ओढणी घे डोक्यावर," सुभेदार म्हणाले.

आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर ऐकू आलं. सुंभ जळतो, पीळ जळत नाही म्हणतात ते उगीच नाही. मनुबाईंचा हात मात्र तोवर वर गेला होता. ओढणी कपाळापर्यंत आली. तात्यांनी तर एवढंच विचारलं, "निघाला व्हय साताऱ्याला?"

चार पावलं पुढं गेल्यावर सुभेदार पुटपुटले, "आगं, तोंडातनं गेलं माझ्या. काढ ती. काढ की!"

"आसू द्या," मनुबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर सुभेदारांना बरं वाटलं असतं.

त्या आता दोन पावलं मागून चालत होत्या. त्यांनी बरोबरीला यावं म्हणून सुभेदारांनी चाल कमी केली. मनुबाईंनीही कमी केली. सुभेदार थांबले, तेव्हा मागं त्याही थांबल्या.