खिडकीबाहेरचं बाक

मेलेनाइतेला मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. आमच्या बेटावर, नेइआफूजवळच्या गावात ती प्राथमिक शाळेत शिकवायची आणि मी चर्चच्या सभागृहाच्या किल्ल्या सांभाळायचो. आमचं बोलणं बहुतेक किल्लीपुरतंच. नवरा गेल्यावर तिने दिवस कसे काढले, तिला कशाने हसू यायचं, मला ठाऊक नाही. एका दुपारचं तेवढं ठाऊक आहे.

इंग्रजी ज्यांची घरची भाषा नाही त्यांना ती कशी शिकवावी, याचं एम.ए. ती दोन वर्षं घरी बसून करत होती. शेवटची परीक्षा म्हणजे प्रत्यक्ष वर्ग. ऑस्ट्रेलियात फळं तोडायला निघालेल्या आठ जणांना ती आमच्या सभागृहात शिकवायची. त्यातला एक तास बघायला न्यूझीलंडहून ग्लेनिसबाई येणार होत्या. कळवलेला पाठ बदलायचा नाही आणि प्रत्येकाने जोडीने बोलायचं, अशा अटी होत्या. पाठ होता डॉक्टरला दुखणं सांगण्याचा. नापास झाली तर आणखी एक वर्ष.

आदल्या दिवशी नववं नाव आलं. फेलेती, तिच्या मावशीचा मुलगा. म्हणजे भाऊच. आमच्याकडे मोठे झालेले बहीण-भाऊ एका खोलीत बसत नाहीत, एकमेकांसमोर अंगाचं नावही काढत नाहीत.

"झालं! आता मांडी, पोट, कंबर त्याच्यासमोर कशी म्हणू, आजोबा?" ती किल्ली हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"येऊ नको म्हणून सांगू का त्याला?"

"मुळीच नाही. त्याची मुलाखत सोमवारी आहे. त्यालाही हे यायला हवं."

दुसऱ्या दिवशी फेलेती, मानाच्या जागी जाताना आम्ही बांधतो तशी, कमरेला चटई बांधून आला. कुणाकडे न बघता त्याने मागचं बाक उचललं, बाहेर खिडकीखाली नेलं आणि भिंतीला पाठ लावून बसला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मेलेनाइतेच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं.

पण तास बघायला आलेल्या ग्लेनिसबाईंनी बाहेरचं बाकही पाहिलं. "त्या माणसाला शिक्षा केली आहे का? आत बोलवा."

मेलेनाइतेने भराभर इंग्रजीत सांगितलं. त्यातलं 'भाऊ' मला कळलं.

"बरं, बसू दे बाहेर," बाई म्हणाल्या. "पण तो बोलणार कोणाशी?"

आठ जणांच्या चार जोड्या झाल्या होत्या. मी कोपऱ्यात झाडू घेऊन उभा होतो. चारचौघांत मी आमच्या भाषेतही बोलत नाही. तरी बाहेर जाऊन बाकावर बसलो.

फेलेती कुजबुजला, "आजोबा, इंग्रजी येतं तुम्हाला?"

"तुझ्याहून कमी."

"मग डॉक्टर तुम्ही. मेलो तरी तुमच्यावर आळ नाही घेणार."

तेवढ्यात बाई वही घेऊन समोर उभ्या राहिल्या. आतून मेलेनाइतेचा आवाज येत होता, "कुठे दुखतंय? सावकाश विचारा." मी तेच इंग्रजीत विचारलं.

फेलेती तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "गुडघा."

"किती दिवस?"

"तुम्ही डॉक्टर झाल्यापासून."

बाई हसल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मेलेनाइते सभागृहाच्या पायरीवर मटकन बसली. "सुटले, आजोबा! पास!" म्हणाली आणि त्याच कागदाने वारा घेत राहिली. तिच्या आईने नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पुडकी पाठवली. मी तीन खाल्ली. फेलेतीचंही काम झालं होतं.

पुढे तिला राजधानीत, नुकुअलोफाच्या अध्यापक विद्यालयात नोकरी लागली. बोटीच्या आदल्या दिवशी ती किल्ली परत द्यायला आली. मी ती खुंटीला अडकवली.

"बाक अजून बाहेरच? भिजेल ना, आजोबा."

"राहू दे. नव्या बाईंनाही भाऊ असेलच."

"मग एक छत्रीही ठेवा," ती म्हणाली.

"ठेवतो," मी म्हणालो.