कुसळीचं बी

मलकापूरजवळच्या आमच्या वीस गुंठ्यांत मी कुसळी पेरली, तेव्हा भावकीनं मला वेड्यातच काढलं. धोतराला चिकटणारं गवत कुणी मुद्दाम लावतं का? पण शेजारची टेकडी मुरूम काढून काढून खरवडली गेली होती. तिथलं मूळचं गवत हेच, आणि तिथं परत लावायला त्याचं बी बाजारात मिळत नाही.

जोडीला सासरे यायचे. शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीत सगळी नोकरी केलेला माणूस. दिवाळीनंतर एका दुपारी आम्ही दोघं बी पाखडत होतो. सूप हलवताना ते कसलासा किस्सा सांगून मोठ्यानं हसले, तेवढ्यात वारा उलटा फिरला. हसणं मध्येच तुटलं आणि खोकल्याची उबळ आली. चेहरा काळानिळा.

"मामा, काय झालं?"

त्यांनी गळ्याखाली बोट ठेवलं. "आत गेलं. टोचतंय."

ते बी मला पुरतं माहीत होतं. सुईसारखं टोक, त्यावर उलटे केस. पुढं सरकतं, मागं येत नाही. मागची लांब शेपटी ओली झाली की तिचा पीळ फिरतो आणि बी आत घुसतं.

त्यांना गाडीत घालून मी रत्नागिरी रोडनं कोल्हापूरकडं निघाले.

"पाणी दे की गं."

"नको, मामा."

"आगं, घसा जळतोय. पाणी बी देत न्हाईस व्हय?"

बाटली मी माझ्या बाजूच्या दारात खुपसली. घसा आतून ओलाच असतो, एका घोटानं काय बिघडणार होतं, हे आज कळतं. तेव्हा डोळ्यापुढं फक्त ती फिरणारी शेपटी होती. बांबवडं मागं पडलं आणि खोकला थांबला. मी जास्तच घाबरले. श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता.

शाहूपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. "यात तर काही दिसत नाही. गवतच ना?"

माझ्या बाहीला एक कुसळ अडकलं होतं. ते उपटून मी त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते बोटानं उलटं फिरवून पाहिलं, आणि लगेच नर्सला हाक मारली.

दुर्बीण घालून बी निघेपर्यंत मी बाहेर बाकावर बसून होते. नवऱ्याला फोन लावायचा धीर झाला नाही. 'तुझ्या गवतानं' एवढंच तो म्हणेल, असं वाटत होतं. शेवटी नर्सनंच त्याला कळवलं; तो आला आणि माझ्याकडं न बघता पैसे भरायच्या खिडकीकडं गेला. ते जास्त लागलं.

नंतर आठ दिवस मी रानाकडं फिरकले नाही. नवव्या दिवशी सकाळी मामांचं अंथरूण रिकामं. घरभर शोधून त्यांना फोन लावला.

"बियावरची ताडपत्री उडाली म्हनं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "दगड ठेवाय आलोय एस्टीनं. तू ये की."

मी गेले. बांधापाशी गाडी लावली. समोर गवत वाऱ्यावर डोलत होतं, आणि दार उघडायला माझा हात काही केल्या पुढं होईना. शेवटी मामाच आले आणि त्यांनी बाहेरून दार उघडलं.