पाहुणचाराची आठ वर्षं

अक्काचा फोन आला तेव्हा मी एका लग्नपत्रिकेची मुद्रितं तपासत होतो. "हे गेले रे," एवढंच ती म्हणाली... दाजी आठवडाभर मिरजेच्या दवाखान्यात होते, त्यामुळे बातमी अगदीच अचानक नव्हती. तरी मी पेन्सिल खाली ठेवली, उगाचच पुन्हा उचलली आणि समोरची एक वेलांटी दुरुस्त केली. माझ्या बहिणीचे यजमान सांगलीच्या एका कॉलेजात तीस वर्षं भाषाविज्ञान शिकवत होते. मी लोकांच्या चुकांवर पोट भरणारा मुद्रितशोधक. मला चूक दिसली की मी ती खोडायचो. दाजी ती खिशातल्या वहीत आदराने उतरवून घ्यायचे. शोकसभेत एका वक्त्याने त्यांना 'शुद्ध भाषेचे पहारेकरी' म्हटलं, आणि टाळ्या आवरताना सभागृहाला जरा कष्टच पडले.

तुम्हाला किती भाषा येतात, असं लोक त्यांना हमखास विचारायचे. "एक. तीही निम्मी," हे उत्तर ठरलेलं. हा विषय आहे तरी काय, असं मी एकदा जेवताना विचारलं, तर त्यांनी माझा हात माझ्याच गळ्यावर ठेवायला लावला. "आता नुसता 'स्स' काढ. आता 'म्म'. दुसऱ्याला गळा थरथरला ना? झाली पहिली शाखा सुरू, ध्वनींची." मग आमटी वाढून घेता घेता शब्दांना प्रत्यय कसे चिकटतात, वाक्यात कोण कोणाच्या शेजारी बसतं आणि या सगळ्यातून अर्थ कसा निघतो, अशा एकूण चार शाखा झाल्या. "पाचवी तुझ्या अक्काकडं शिक. पाहुणा तीन तास बसला की ती विचारते, 'अजून एक चहा टाकू का?' शब्दांचा अर्थ चहा, आणि सांगायचं असतं, उठा आता." राहिली माणूस कुणासमोर कसं बोलतो ते पाहणारी शाखा. "ती माझी," ते म्हणाले.

या शाखेपायी आठ वर्षं, दर सुट्टीत, ते जतच्या पूर्वेला एका मेंढपाळांच्या वाडीवर जात. स्कूटरवर मागे मी आणि माझ्या मांडीवर रेकॉर्डर. आम्ही पोहोचलो की वाडी कामाला लागे. शाळेतून खुर्च्या येत, गुरुजींना बोलावणं जाई, आणि हौसाबाई नावाची म्हातारी केस विंचरून, नवं लुगडं नेसून समोर बसे. "आम्ही मेंढ्या पाळतो. पावसाळ्यानंतर आम्ही स्थलांतर करतो," असं ती सांगे. गुरुजी मान डोलवत. दाजी वाडीची बोली म्हणून सगळं टिपून घेत. त्या नोंदींचं पुस्तक झालं, मुद्रितं माझ्याकडेच आली, प्रकाशनाला सभागृह ठरलं आणि एका मंत्र्याने यायचं कबूलसुद्धा केलं.

मुखपृष्ठासाठी फोटो हवा म्हणून आम्ही पुन्हा एकदा गेलो. हौसाबाई बोलत असतानाच मेंढरं शेजारच्या शाळूच्या पिकात घुसली. ती ताडकन उठून पळाली, रेकॉर्डर बंद करायचं मी विसरलो. घरी येऊन दाजींनी ते ऐकलं. "आरं ये, हान की त्यास्नी! डोळं फुटलं व्हय रं तुजं? समदा शाळू खाल्ला की!" दाजींनी ते पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा. चेहरा असा, की मी पाणी आणायला उठलो. "आठ वर्षं आपण बोली टिपली नाही," ते म्हणाले. "पाहुणचार टिपला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक थांबवलं. त्या पुस्तकावर त्यांची बढती अवलंबून होती. सहकारी म्हणाले, "कुणाला कळणार आहे, सर?" दाजी म्हणाले, "हौसाबाईला." मंत्र्यांनी दुसऱ्या कुठल्याशा पुस्तकाचं प्रकाशन केलं, त्यांना फरक पडल्याचं दिसलं नाही.

दाजी पुन्हा वाडीवर गेले, रेकॉर्डर न घेता. मी सोबत होतो. "आज्जी, माझ्याम्होरं तुमी तुमच्यावानी का बोलत न्हाई?" त्यांनी आपल्या गावाकडच्या मूळ बोलीत विचारलं. म्हातारी आधी त्यांच्याकडे बघतच राहिली. "आवं, पावण्याम्होरं फाटकं लुगडं नेसून बसू व्हय? तुमी बी आजवर बुटंच घालून बोलत हुता की!" दाजी एवढे मोठ्याने हसलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. त्यानंतर ते वर्षानुवर्षं जात राहिले. मेंढरांमागे फिरले. हौसाबाईने मोकळेपणी परवानगी दिल्यावर थोडं टिपलंही. मात्र नवं पुस्तक निम्म्यावरच राहिलं आणि बढती कधीच मिळाली नाही.

शोकसभेनंतर संयोजक अक्काकडे आले. जुनी मुद्रितं तयार आहेतच, श्रद्धांजली म्हणून ती छापू, असं त्यांचं म्हणणं. अक्का पदर सावरून अगदी छापील बोलली, "आपली भावना मी समजू शकते. परंतु त्यांनी थांबवलेले काम मी पुढे नेणार नाही." संयोजकांनी माझ्याकडे पाहिलं. मुद्रितं माझ्या कपाटात आहेत, आणि ती तिथंच राहतील, असं मी सांगितलं. संयोजक तरीही बसूनच राहिले. मग अक्काने विचारलं, अजून एक चहा टाकू का?

संयोजक उठून गेल्यावर ती दाजींच्या खोलीत गेली. मी बाहेर व्हरांड्यात चपला घालत होतो. आतून कागद सरकवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ तिचा, लग्नाआधी आमच्या आष्ट्याच्या घरात असायचा तसा. "आवं, किती पसारा घालून ठिवलाय ह्यो! कवा आवरायचा हुता? आँ?" ती थांबली, उत्तराला लागेल तेवढा वेळ. मग पुन्हा सुरू झाली.

रेकॉर्ड करणारा फोन माझ्या खिशात होता. मी तो बाहेर काढला नाही. एका पायात चप्पल घालून तसाच उभा राहिलो.