रुखमाबाईच्या मापाचा ओटा

गुणवंतभाऊजी माझे चुलत दीर. माणूस लाखात एक, पण त्यांची आठवण निघाली की माझ्या कपाळावर आधी आठी येते आणि मग डोळ्यांत पाणी. हा क्रम आजवर कधी उलटा झाला नाही.

सावली गावात आमची दोन घरं एकाच आंगणावर होती. इकडे आम्ही, समोर ते. माझे मालक वयाने मोठे, म्हणून मी गुणवंतभाऊजींची वहिनी. वहिनी असण्याचा एक फायदा असतो, दिराची थट्टा करायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यात मी वरोऱ्याची, गावातल्या बायकांपेक्षा चार बुकं जास्त शिकलेली आणि तोंडाची फटकळ. त्यामुळे जे भाऊजी कोणाजवळ बोलत नसत, ते माझ्याजवळ बोलत आणि वर माझ्या शिव्या खात.

मूलच्या लाकूड डेपोत ते मोजणीदार होते. जंगलातून सागवानाचे ओंडके आले की टेप लावून घेर घ्यायचा, लांबी घ्यायची, ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याने छाप मारायची. डेपोत म्हणे त्यांचा आवाज पार फाटकापर्यंत जायचा. बोटभर फरकावरून ठेकेदारांशी तावातावाने भांडायचे. पण संध्याकाळी सायकल आंगणात टेकवली की तो आवाज कुठे जायचा देव जाणे. घरात आईचं राज्य होतं.

आई म्हणजे रुखमाबाई. भाऊजी कडेवर असताना त्या विधवा झाल्या. भाऊबंदांनी बांध सरकवायला सुरुवात केली तेव्हा पदर खोचून धानाच्या बांधीत उभ्या राहिल्या आणि शेत राखलं. अंगाने उंच, ताठ, मधल्या दारातून जाताना डोकं वाकवावं लागेल एवढ्या. त्यांच्यासमोर बसलेले पुरुषही सावरून बसत. भाऊजींची बायको भागीरथा वैनगंगेच्या काठच्या गावातली, अगदी ठेंगणी. भाऊजींच्या कोपराला लागायची. मी तिला चिडवायची, "भागीरथे, तुले तं खिशात टाकून डेपोत नेता येईन." ती खळखळून हसायची. तेव्हा हसायची.

आई घरात असताना मुलाने बायकोशी दिवसा बोलायचं नाही, अशी तेव्हा आमच्याकडे रीत होती. बोललाच तर भिंतीशी बोलायचा. "पानी पायजे," भाऊजी खांबाला सांगत आणि भागीरथा तांब्या आणून ठेवी. बायकोसाठी उघडपणे काही करणं तर दूरच. केलं की गावभर एकच नाव पडायचं, बायकोचा बैल. मोजणीच्या कामात कोणाच्या बापाला न भिणारा माणूस या नावाला मात्र जन्मभर भ्यायला.

एका वर्षी रोवण्याच्या दिवसांत भागीरथा डोक्यावर धानाच्या रोपांचा भारा घेऊन बांधावरून घसरली. गुडघा असा मोडला की पुन्हा नीट वाकला नाही. वैदूने बांधला, तेल चोळलं, पण पाय सरळ तो सरळच. आता जमिनीवरच्या चुलीपुढे तो पाय कुठे ठेवायचा? तिने तो चुलीच्या बाजूला लांब पसरायला सुरुवात केली. लुगड्याचा काठ किती वेळा करपला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि सामान सगळं मडक्यांच्या उतरंडीत. डाळ नेमकी तळच्या मडक्यात. ती काढायची म्हणजे वरची सगळी मडकी एकेक उतरवायची, पुन्हा रचायची, आणि प्रत्येक वेळी भिंतीला धरून उठायचं, बसायचं.

हे भाऊजींना दिसत होतं. भिंतीशी बोलणाऱ्या माणसालाही डोळे असतात.

त्याच सुमारास लाकूड पोचवायला ते चांद्याला एका साहेबाच्या बंगल्यावर गेले होते. आले ते थेट माझ्याकडे. आंगणात उकिडवे बसले आणि काडीने मातीत रेघा ओढायला लागले. हा विटांचा ओटा, त्यावर चूल, बाई उभ्याने स्वयंपाक करते. ही भिंतीवर सागवानाची कपाटं, दारं लावलेली, डाळ वेगळी, तिखट-मीठ वेगळं, हात घातला की डबा हाती. हे जाळीचं कपाट दूधदुभत्याचं, मांजर तोंड घालत नाही. धूर जायला वर झरोका. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी थट्टा करायचंही विसरले.

"वयनी, उभ्यानं सैपाक. गुडघा वाकवाचं कामच नाई."

"कोनाचा गुडघा, भाऊजी?" मी मुद्दाम विचारलं.

ते लाजले. बाप झाले असते तर पोरं हाताशी आली असती एवढं वय, आणि नव्या नवऱ्यासारखे लाजले.

"मंग तिले इचारा ना. ओटा किती उंच पायजे, कपाट कुठी पायजे, ते तिलेच ठाऊक."

"कसं इचारू? माय बसून रायते तिथी."

"तं मायलेच सांगा. सुनेचा पाय वाकत नाई, तिच्यासाठी ओटा बांधतो म्हना. काय खाऊन टाकते का माय तुमाले?"

त्यांनी पायाने रेघा पुसल्या आणि पाहतो म्हणून उठून गेले. आठवड्याभरात माझ्या वडिलांच्या आजारपणाचा निरोप आला आणि मी वरोऱ्याला गेले. तिथे माझा मुक्काम लांबला. मागे जे घडलं ते मला नंतर चौघांकडून ऐकून जोडावं लागलं.

भाऊजींनी आईजवळ तोंड उघडलं खरं. पण ऐन वेळी जीभ भलतीकडेच वळली. म्हणाले, "माये, तुह्यासाठी सैपाकखोलीत ओटा बांधतो. साहेबाच्या बंगल्यात आहे तसा. तुले आता बसा-उठाले तरास होते."

रुखमाबाईंना कसलाही त्रास होत नव्हता. आणि चुलीपुढे बसणं त्यांनी सून घरात आली त्याच वर्षी सोडलं होतं. भाऊजींचा हिशेब असा की आईचं नाव पुढे करायचं आणि काम बायकोचं करून घ्यायचं. हिशेब कागदावर बरा दिसला असता. पण रुखमाबाई त्या शब्दांनी विरघळल्या. त्या बाईसाठी आयुष्यात कोणी काही बांधलं नव्हतं. नवरा लवकर गेला, त्याच्याकडून एक लोटी मिळाली नव्हती. त्या दारोदार सांगत फिरल्या, "माह्या पोरानं माह्यासाठी ओटा काढला." मी तिथे असते तरी त्यांच्या तोंडावर खरं काय ते सांगायची माझी छाती झाली नसती.

ओट्याचं काम निघालं. डोमा सुतार आणि गवंडी आले. डोमाची पद्धत अशी की जिची चूल तिचं माप. आधी बाईला भिंतीला पाठ लावून उभं करायचं, कोपरापर्यंतची उंची ओट्याला, आणि हात वर केला की बोटं पोचतील तिथे वरचं कपाट. डोमाने विचारलं, "माप कोनाचं घेऊ?" रुखमाबाई आपणहून पुढे झाल्या आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

टेप भाऊजींनीच धरला. आईचं कोपर मोजलं, वर केलेला हात मोजला. भागीरथा दारात कणीक मळत होती. सगळं तिच्यासमोर चाललं होतं. भाऊजींनी मान वर केली नाही.

नंतर म्हणे त्यांनी डोमाला आणि गवंड्याला वाटेत गाठून हळूच सांगितलं, "ओटा थोडा खालीच ठेवा." गवंड्याने ठेवला. पहिल्याच दिवशी रुखमाबाई ओट्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मले वाकावं लागते. वर घे." विटांचे आणखी थर चढले. भाऊजी ओसरीवर बसून ऐकत होते. बोलायची ती एक वेळ होती. तीही त्यांनी जाऊ दिली.

मी परत आले तेव्हा स्वयंपाकखोली ओळखू येत नव्हती. गुळगुळीत ओटा, सागवानाची कपाटं, पितळी कड्या, जाळीचं दार. गावातल्या बाया बघायला येत होत्या. रुखमाबाईंनी सुरुवातीचे काही दिवस हौसेने स्वतः स्वयंपाक केला, वडे तळून वाटले, आणि मग पुन्हा ओसरीवर जाऊन बसल्या. चूल भागीरथाकडे आली. ती त्या ओट्यापुढे उभी राहिली तर ओटा तिच्या छातीला. भाताच्या गंजाचं तोंड तिच्या तोंडाशी. वाफ आणि धूर सरळ डोळ्यांत. पाटावर चढावं तर सरळ पायाने चढायचं कसं? कपाटाची कडी तर तिच्या हाताला लागतच नव्हती.

मी गेले तेव्हा तिने ओट्याच्या पायाशी जमिनीवर मातीची चूल मांडली होती. पाय लांब करून भाकरी थापत होती. बाजूला जुनी उतरंड. वरच्या कपाटांत रुखमाबाईंची पितळी भांडी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊजींना विहिरीजवळ गाठून जे बोलायचं ते सगळं बोलले. ते पाणी शेंदत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "माय खूश आहे, वयनी." माय खरंच खूश होती.

मग मी भागीरथालाच सांगितलं. म्हटलं, वेडे, हे सगळं तुझ्यासाठी होतं. त्यांनी माझ्या आंगणात मातीत काढून दाखवलं होतं, तुझ्या गुडघ्यासाठी.

ती भाकरी उलटत होती. हसली, पण ते हसणं मला आवडलं नाही.

"बाई, तुमी मले बरं वाटावं म्हनून सांगता. माह्यासाठी असता तं त्याईनं मलेच उभं केलं असतं ना? मी काय दूर होती? दारातच होती."

"माह्या गळ्याची शपथ."

"तुमची शपथ घेऊन काय करू? त्याईनं सांगावं."

एवढंच तिला हवं होतं. ओटा उंच झाला याचं तिला फारसं काही नव्हतं. आपल्या नवऱ्याच्या मनात आपण एकदा तरी येतो की नाही, एवढं तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मी भाऊजींना तेही सांगितलं. "सांगतो, सांगतो," म्हणाले. घर लहान, आई कायम ओसरीवर, आणि एकदा आईचा म्हणून बांधलेला ओटा बायकोचा होता म्हणायचं म्हणजे आई खोटी पडायची. आज नको, उद्या, असं करता करता भागीरथा गप्प होत गेली. आधी हसणं गेलं, मग आंगणात येऊन बसणं गेलं. भाऊजींना वाटलं, वयामुळे पोक्त झाली. तसं त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्यानंतर दोनेक वर्षांनी रुखमाबाई गेल्या. शेवटच्या दिवसांत भागीरथानेच त्यांचं सगळं केलं. जाताना म्हातारी तिला म्हणाली, "माह्या ओट्याले पोतेरा देत जा वो." भागीरथाने हो म्हटलं आणि देत राहिली.

तेरवी आटोपली आणि काही दिवसांनी, भर दुपारी, मी भागीरथाजवळ बसून तांदूळ निवडत होते. तेवढ्यात भाऊजी आत आले. दिवसाढवळ्या स्वयंपाकखोलीत त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं. बाहेर आंगणात डोमा सुतार उभा होता.

"ओटा तोडून घ्यावं म्हनतो," भाऊजी नेहमीसारखे खांबाला म्हणाले.

"काऊन?" भागीरथा सूप पाखडत म्हणाली. "मायबाईचा आहे. राहू द्या."

भाऊजी घुटमळले. मग भिंतीकडची नजर काढून त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिचं नाव घेतलं. आमच्याकडे नवरे बायकोचं नाव घेत नसत. मी मान खाली घातली.

"भागीरथा, तो मायचा नोयता. तुह्यासाठी काढला होता मी. पैल्यापासून तुह्यासाठीच. तुह्या पायासाठी. माह्यानं बोलनं नाई झालं. चुकलं माह्यं. आता तुह्या मापाचा बांधून देतो."

भागीरथाने सूप खाली ठेवलं. त्या ओट्याकडे पाहिलं. मला वाटलं, रडेल. रडली नाही.

"तवा हे एक बोलले असते," ती म्हणाली, "तं त्या उंच ओट्यावर बी मी सैपाक केला असता जी. टाचा उचलून केला असता. रोज."

मग दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, "आता मले उभंच रायता येत नाई."

ते खरंच होतं. इतकी वर्षं एका पायावर भार देऊन देऊन तिचा दुसरा गुडघाही गेला होता. भिंत धरल्याशिवाय ती उभी राहू शकत नव्हती, आणि ही गोष्ट घरातल्या माणसाला त्या दुपारी कळत होती.

भाऊजी तिथेच उंबऱ्यावर बसले. डोमा बाहेर वाट पाहत होता. मीच जाऊन त्याला घरी जायला सांगितलं.