चिऱ्यांवर बसलेला मालक

रत्नागिरीहून एसटी सुटली तेव्हा माझी सगळी हाडं आपापल्या जागी होती. देवरूखच्या वाटेवर वळणं अशी, की ड्रायव्हरला आपल्याच गाडीची मागची पाटी वाचता येते. निघालो होतो देवरूखपलीकडच्या एका गावी, नाटक बघायला. वडिलांची बदली तिथे होती तेव्हा हेच नाटक पाहून मी इतका रडलो होतो, की त्या पाण्यावर भाताची लावणी झाली असती. गोष्ट साधी: नोकर शिकतो, साहेब व्हायची हाव धरतो आणि शेवटी मालकापुढे हात जोडून "चुकलो, मालक" म्हणतो.

बौद्धवाडीत, तेव्हा मला शाळेत शिकवलेल्या रघुनाथ गुरुजींकडे उतरलो. कुळथाची पिठी (कुळथाच्या पिठाची आमटी) वाढता वाढता गुरुजी म्हणाले, "यंदा मालक मी."

माझा घास हातातच राहिला. पालखीचा मान ठरलेल्या घरांना, तसं मालकाचं काम खोतांच्या आप्पांच्या घराला आणि नोकराचं बौद्धवाडीला. ठरवलं कुणी? कुणीच नाही. म्हणून तर मोडत नव्हतं. गुरुजींनी मिशी फुटल्यापासून हातच जोडले होते. यंदा चाकरमान्यांनी (मुंबईला नोकरीला असलेल्यांनी) चिठ्ठ्या टाकल्या आणि आप्पांना नोकर निघाला!

"आप्पा सोडून नाही गेले?"

"स्टेज सोडतील? त्यापेक्षा जीव सोडतील. आज शेवटचं वाक्य बोलतात का, तेवढंच बघायचंय मला."

आप्पांनी सूड मात्र घेतला. मालकाची शिसवी खुर्ची दरवर्षी त्यांच्याच माडीवरून यायची. "ती घराबाहेर जायची नाय!" मग पोरांनी चिरे (जांभ्याचे ठोकळे) रचून वर चादर टाकली. गुरुजी त्यावर असे बसले, की मला वाटलं सह्याद्रीच सरकून बसला.

शेवटचा प्रवेश आला. आप्पांनी हात जोडले. "चुकलो..." म्हणाले आणि थांबले. विंगेतून प्रॉम्प्टर ओरडला, "मालक! मालक!" रत्नागिरीच्या बंदरातल्या होड्यांनाही ऐकू गेलं असेल. पेट्रोमॅक्सच्या काळापासून हे नाटक बघणारी एक म्हातारी पुढून म्हणाली, "बोल रे बाबा, माझी एसटी चुकंल!"

"...मालक," आप्पा पुटपुटले.

गुरुजी पुढे वाकले. "ऐकू नाय आलं!"

ही आप्पांचीच पदरची भर. दरवर्षी ते गुरुजींना ऐकवायचे. आप्पांचे कान लाल झाले, मग डोळे भरले आणि ते असे गरजले, "चुकलो, मालक!", की मांडव उठून उभा राहिला. वन्समोअर! त्यांनी ते तीनदा म्हटलं. एवढ्या टाळ्या त्यांना जन्मात मिळाल्या नव्हत्या.

रंग पुसता पुसता आप्पांनी जाहीर केलं, "ऐका रे! पुढल्या सालापासून नोकराचं काम आमच्या घराचा मान!"

मी कपाळाला हात लावला. गुरुजी चिऱ्यांवरून उठलेच नव्हते.

"घ्या की आप्पा," ते म्हणाले. "पण तालमीला वेळेवर यायचं. मला उशीर खपत नाही."

परतीच्या एसटीत विचार केला: त्या नाटकातली हाव खरी नोकराची होती की मालकाची? वळणावळणाला माझं मत बदलत गेलं. रत्नागिरी आली तेव्हा एवढंच नक्की होतं, की यंदा रडायचं राहूनच गेलं.