बर्फाच्या पेटीची चौकशी

पुतळाबाईच्या माहेरी जुनी होडी घ्यायची तर मालकाशी बोलून भागत नसे. घरातली एखादी बाई मालकाच्या बायकोकडे जायची, सुपारी कातरत बसायची आणि होडीनं काय काय सोसलंय ते काढून घ्यायची. पुरुष होडीचं कौतुक करतात. वाट बघत काठावर कोण उभं राहिलं ते बायकांना ठाऊक असतं. वाशीगावात सासरी आल्यावरही पुतळाबाईनं हीच रीत चालवली. तिच्या शब्दावर एक होडी परत गेली, तेव्हा दीर महिनाभर तिच्याशी बोलला नव्हता.

एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. ठाण्याकडच्या एका बर्फ कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून गावात आला. खाडीकाठच्या गावांत कंपनी एजंट नेमत होती. रोज लॉरीनं बर्फाच्या लाद्या येणार, दारावर लावायला पत्र्याची पाटी मिळणार, शिवाय एक सागवानी पेटी. आतून जस्ताचा पत्रा, दुहेरी फळ्यांच्या मध्ये ठासून भरलेला भुसा. एजंटनं फक्त अनामत भरायची.

पुतळाबाईचा नवरा चांगदेव हरखून गेला. मुंबईच्या बाजारात पोचेपर्यंत मासळी नरम पडते, हे त्याचं जन्माचं दुखणं. अनामतीसाठी होडी विकायचं त्यानं ठरवलं. होडी एकच होती. तिला त्यानं गिऱ्हाईकही बघून ठेवलं.

पुतळाबाई नाही म्हणाली नाही. याआधी एजन्सी कुणाकडे होती, एवढंच तिनं विचारलं. बेलापूरकडच्या एका कोळीवाड्यातल्या गोटीरामकडे, तो माणूस म्हणाला; तब्येतीमुळं सोडली त्यानं. पेटी अजून तिकडंच आहे, ती आता तुमच्याकडे येईल.

दुसऱ्या दिवशी सुके बोंबील पदरात बांधून पुतळाबाई निघाली. त्या कोळीवाड्यात जाळी शिवणाऱ्या बाईला तिनं गोटीरामचं घर विचारलं. बाईनं हनुवटीनं वाट दाखवली आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं. पुढच्या दारातही तसंच झालं.

गोटीरामची बायको सुमित्राबाई तिला बघून इतकी गडबडली की पाट दोनदा मांडला. या घरी बऱ्याच दिवसांत कुणी आलं नव्हतं, हे पुतळाबाईनं ओळखलं. पेटी पडवीतच होती, पुसून लख्ख केलेली. शेजारी गोटीराम बसला होता, धडधाकट. सुमित्राबाईनं जे विचारलं त्याचं चांगलंच सांगितलं. कंपनी चांगली, साहेब चांगले, बर्फ तर काचेसारखा.

बोलता बोलता गोटीराम उठला. त्यानं झाकण उचललं, कोपरापर्यंत हात आत घातला, कडेकडेनं चाचपून पाहिलं आणि झाकण अलगद लावलं.

"टिकलाय," तो म्हणाला आणि हात पुसला.

पुतळाबाईला मान उंचावल्यावर आतलं दिसलं होतं. पेटी कोरडी होती. कोपऱ्यात कोळ्यानं जाळं विणलं होतं.

तेव्हा तिला आपली चूक कळली. होडीसमोर होडीची खोड कुणी काढत नाही. ती ऐकते म्हणतात. माहेरी विचारपूस नेहमी होडीपासून लांब चाले, आणि आपण पेटीसमोरच प्रश्न विचारत बसलो. तिनं तिथली घागर उचलली आणि सुमित्राबाईला म्हणाली, "चल, मना विहीर दाव."

विहिरीवर सुमित्राबाई बराच वेळ दोर सोडत राहिली. मग सगळं बोलली. पहिला हंगाम झकास गेला. मग ऊन तापलं आणि होड्या भरून आल्या. गोटीराम दारोदार सांगत फिरला, मासळी खारवू नका, वाळत टाकू नका, बर्फ येतोय. लोकांनी ऐकलं. लॉरी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अख्ख्या कोळीवाड्याची मासळी काठावर सडली, ती चिखलात पुरावी लागली.

"कोनी मारला नाय त्याला," सुमित्राबाई म्हणाली. "शिव्या दिल्या असत्या तरी बरा झाला असता. बोलनाच टाकला."

"गाडी गेली कुठं व्हती?"

"शहरातल्या हाटेलांना. उन्हाळ्यात पहिला माल त्यांचा. आमाला कोन सांगतोय?"

घागर काठाशी आली तरी तिनं ती उचलली नाही. "दुपारचा त्याला गाडीचा आवाज येतो. उठतो, पेटी बघतो. मी समजवायची. परवा मना पन आला आवाज."

रस्त्याकडं काहीच वाजत नव्हतं, तरी पुतळाबाईनं वळून पाहिलं.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. चांगदेव चिडला. एका भ्रमिष्टाच्या बायकोचं ऐकून तू माझं नशीब मोडतेस, म्हणाला. पुतळाबाईनं वाद घातला नाही. तू सोता बघून ये, एवढंच म्हणाली.

तो गेला आणि संध्याकाळी परतला, तो घरात न येता थेट खाडीवर. ओहोटी होती, होडी चिखलात कलंडली होती. तो तिच्यात जाऊन बसला. पुतळाबाई काठावर थांबली. पाणी चढू लागलं तेव्हा ती गुडघाभर पाण्यातून होडीपाशी गेली.

"काय म्हनला गोटीराम?"

"मना बगून उठला," चांगदेव म्हणाला. "ईचारला, गाडी तुज्या मागनंच येते ना?"

"मंग?"

"मी हो म्हनलो."

होडी हलली, चिखलातून सुटून सरळ झाली. चांगदेव उतरला नाही. पुतळाबाईनं दोर खुंटाला पक्का बांधला आणि होडीच्या गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगायला निघाली.