रिकी-रोमाच्या गाण्यात माझा भात लागला

आमच्या इमारतीच्या सत्यनारायणाच्या पूजेला माझे भाषण झाले आणि त्या भाषणावर सहा मुली नाचल्या. या दोन्ही गोष्टींस माझी पूर्वसंमती नव्हती.

मी व्यवसायाने अर्जनवीस. कचेरीबाहेर, निळ्या ताडपत्रीखाली, माझे टेबल आणि माझे टंकलेखन यंत्र. शिक्षण आठवीपर्यंत (नववीने मला स्वीकारले नाही, नुकसान तिचे झाले!), परंतु नळजोडणीपासून जन्माच्या दाखल्यापर्यंत या गावाला सरकारला जे जे म्हणावयाचे होते, त्यातले निम्मेअधिक माझ्या भाषेत म्हटले गेले आहे. ही आत्मस्तुती नव्हे; वस्तुस्थिती आहे.

परळच्या चाळीतून आम्ही पेणकरपाड्याच्या नव्या इमारतीत आलो, तेव्हा स्वतंत्र संडास आणि बंद होणारे दार, या दोन सुखांनी मी हुरळून गेलो होतो. चाळीत दार कधी बंदच होत नसे. शेजारीण मीठ मागावयास येई ती भाजी ढवळून जाई. येथे मी मोठ्या हौसेने चिमणीच्या आवाजाची बेल बसवली. चिमणी बिचारी मुकीच राहिली. गॅसवाला तेवढा तिला बोलते करी. दुसऱ्या वर्षी माझी पत्नी वसुधा गेली, आणि मग घरात राहिलो मी आणि कॉलेजात जाणारी वैशाली. त्यातही वैशालीच्या कानात सदैव वॉकमन. म्हणजे तसा मी एकटाच.

"वैशाली, भाजी कशी झाली आहे?"

वैशालीची मान गाण्याच्या ठेक्यावर हलत राहिली.

"वैशाली, मी धंदा सोडून हिमालयात चाललो आहे."

"हं. येताना दूध आणा."

अशा परिस्थितीत रिकी-रोमांचे नवे गाणे बाजारात आले. रिकी आणि रोमा ही त्या काळची गाजलेली पॉप जोडी. तो गॉगल लावून गाई, ती गॉगल डोक्यावर ठेवून गाई. मला दिसलेला फरक एवढाच. 'घंटी बजा, सोना' असे गाण्याचे नाव. आशय असा की, तिने दाराची घंटी वाजवावी म्हणून तो दाराआड बसला आहे. (हा आशय मात्र मला मनापासून पटला.) एवढ्यावर प्रकरण मिटले असते; पण कंपनीने त्याच गाण्याची दुसरी कॅसेट काढली, 'रिमिक्स' नावाची, आणि आमच्या इमारतीचे दोन तुकडे झाले.

पहिल्या तुकड्याची पुढारी आमची वैशाली. दुसऱ्याची, वरच्या मजल्यावरची जिग्ना. दोघी जिवलग मैत्रिणी. दोघींच्या भिंतीवर रिकी-रोमाचे तेच पोस्टर. जिन्यात त्यांची जुंपली.

"काय वाट लावलीय गाण्याची! गिटार कुठेय? नुसतं धबडधबड!"

"अरे यार, ओरिजिनल पे नाचेगा कौन? झोप येते, झोप!"

"गाणं ऐकायचं असतं, जिग्ना. कपडे धुतात तसं बडवायचं नसतं."

"तो तू बैठ, ऐकत बैठ, तुझ्या पप्पांसारखी!"

वस्तुतः मला यात ओढण्याचे काही कारण नव्हते. परंतु त्या संध्याकाळी वैशालीने वॉकमन कानावरून काढला, माझ्यासमोर बसली आणि कित्येक महिन्यांत प्रथमच आपण होऊन बोलली.

"बाबा, तुम्ही अर्ज लिहिता ना? कंपनीला एक लिहा. रिमिक्स मागे घ्या म्हणावं."

माझे डोळे भरून आले! मी चष्मा पुसला (तो स्वच्छ होता) आणि म्हणालो, "अर्ज असा लिहिता येत नाही, बाळ. आधी पुरावा पाहावा लागतो."

पुरावा म्हणून तिने रिमिक्सची कॅसेट लावली. आरंभ बरा होता. पुढे रोमाबाईंचा "घंटी" हा शब्द "घं-घं-घं-घं" असा अडखळू लागला. टेप अडकली, हे माझ्यासारख्या अनुभवी माणसाच्या तात्काळ ध्यानी आले. मी तत्परतेने झाकण उघडले, कॅसेट उपटली आणि तिच्या दातेरी भोकात पेन्सिल घालून सफाईदारपणे टेप गुंडाळावयास बसलो.

"बाबा! ते तसंच आहे!"

"असे कसे तसेच असेल? बाई अडकल्या आहेत!"

"तेच तर रिमिक्स!"

तेव्हा मला मुलीचा पक्ष पूर्णपणे पटला. 'विषय : मूळ गीतास झालेल्या गंभीर दुखापतीबाबत' असा मथळा घालून मी असा काही अर्ज लिहिला की, वाचून वैशाली हसली. खरोखर हसली! दोन दिवस आम्ही जेवताना बोललो. रिकीचे आधीचे गाणे कोणते, रोमाचा आवाज खालच्या पट्टीत कसा बसतो, हे सर्व मी गंभीरपणे ऐकत होतो, मध्येच "अर्थातच" म्हणत होतो.

तिसऱ्या दिवशी चिमणी बोलली. दारात जिग्ना.

"अंकल, मेरा भी एक लिख दो ना. रिमिक्स एकदम मस्त आहे, असं."

आता आमच्या धंद्याचा एक दंडक आहे : दारी आलेल्या पक्षकारास परत पाठवू नये. बांधाच्या भांडणात मी सकाळी थोरल्या भावाचा अर्ज लिहितो आणि दुपारी धाकट्याचा. दोघेही मला नमस्कार करून जातात. शिवाय, खरे सांगावयाचे तर, कोणीतरी आपण होऊन माझ्या घराची बेल वाजवली होती! मी तिला चहा पाजला आणि 'विषय : जुन्या गीतास नवजीवन दिल्याबद्दल आभार' असा अर्ज लिहून दिला. तो पहिल्यापेक्षा अंमळ सरसच उतरला.

संध्याकाळी वैशालीला कळले.

"बाबा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?"

"मी व्यवसायाच्या बाजूने आहे," मी बाणेदारपणे म्हणालो.

वैशालीने वॉकमन कानावर चढवला. झाले! माझ्या एका वाक्याने हातची सुनावणी गेली. पुढे घरात केवळ भांड्यांचा आवाज.

इकडे प्रजासत्ताक दिनाची पूजा जवळ आली. पूजेनंतर मुलींचा नाच असे. त्यात कोणते गाणे यावर कमिटीची बैठक रंगली. सेक्रेटरी दळवी कंटाळून म्हणाले, "अर्धं हे घ्या, अर्धं ते घ्या, पण प्रसाद थंड व्हायच्या आत संपवा!" त्यानुसार कॅसेटच्या दुकानातून कोऱ्या कॅसेटवर आधी मूळ गाणे आणि मागोमाग रिमिक्स भरून आणले. ही कॅसेट आमच्या घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये होती. वैशालीने मूळ गाणे संपेपर्यंत ऐकून तेथेच थांबवली होती. पुढचे ऐकणे तिच्या तत्त्वात बसत नव्हते.

रविवारी दुपारी वैशाली सरावासाठी वर जिग्नाकडे गेली. (नाचापुरता युद्धविराम होता, माझ्याशी नव्हता.) मी घरी एकटा. भात गॅसवर टाकला आणि मुलीची समजूत घालण्यासाठी एक तडजोडनामा लिहावयास घेतला. समोर बसून बोलणे मला जमत नाही. लिहून दिलेले बरे. मजकूर सिद्ध झाला. आता मसुदा पक्षकारास देण्यापूर्वी मोठ्याने, खणखणीत वाचावयाचा, हीही आमची रीत. म्हटले, पार्श्वभूमीस तेच वादग्रस्त गाणे असावे. म्हणजे वाचनास धार येईल.

मी प्लेचे बटण दाबले. ते उसळून वर आले. पुन्हा दाबले, पुन्हा वर. तेव्हा शेजारचे 'रेकॉर्ड' असे लिहिलेले लाल बटणही सोबत दाबून पाहिले. दोन्ही मुकाट्याने खाली बसली! (मी चाळीत वाढलेला माणूस, शेजाऱ्याला सोबत घेतल्यावाचून माझे काही अडलेले निघत नाही.) आणि लगेच घरभर धबडधबड सुरू झाली. एवढ्याशा यंत्रातून एवढा घुमारा! छताला हादरे बसत होते. त्या घुमाऱ्यात मी वाचन पूर्ण केले, नंतर स्वयंपाकघरात जाऊन रोजची किरकोळ कामे केली आणि परत येऊन यंत्र बंद केले. धबडधबड चालूच राहिली. मला वाटले, यंत्र तापले असेल; होईल हळूहळू शांत.

पूजेच्या संध्याकाळी साउंडसाठी पाली गावचा बावतीस आला होता. गच्चीवर झाडून सारी इमारत जमली. मूळ गाणे सुरू झाले; वैशालीच्या गटाने टाळ्या दिल्या, जिग्नाच्या गटाने जांभया. मग रिमिक्सची पाळी आली. जिग्नाने पदर खोचला. धब, धब, धब असा ठेका लांबून, जणू ढगांतून, ऐकू येऊ लागला आणि त्यावर कर्ण्यातून माझा आवाज दुमदुमला :

"लिहून देणार, वैशालीचा बाप, धंदा अर्जलेखन, राहणार पेणकरपाडा! कारणे तडजोडनामा लिहून देतो की..."

"अरं, ह्ये काय हाय?" बावतीस ओरडला. "गाना हाय का भाषण हाय?"

मुली थांबल्या असत्या. परंतु ठेका चालू होता, आणि महिनाभर घोटलेले पाय ठेक्याचे ऐकतात, अर्थाचे ऐकत नाहीत. 'मूळ गीत हे मूळच असून' या शब्दांवर सहाही जणींनी गिरकी घेतली. 'रिमिक्स हे त्याचे दत्तक अपत्य समजावे' यावर कंबर लचकली! 'सदर बापाने दोन्ही पक्षांचे अर्ज लिहिले, ही त्याची खोड असून' यावर जिग्ना गुडघ्यावर बसून सरकत पुढे आली. गच्ची हसून लोळत होती. मी प्रसादाच्या पातेल्याआड बसलो होतो. अधिक मोठे पातेले असते तर आत बसलो असतो.

तडजोडनामा संपला. मी सुटकेचा निःश्वास सोडला. पण टेप संपली नव्हती. कर्ण्यातून माझाच आवाज पुन्हा आला; खणखणीत नव्हे, लहान, लांबून.

"झालं बघ वसुधा. बरं लिहिलंय ना? तुला ऐकू आलं असेल तर ठीक, कारण पोरगी ऐकत नाही गं. दोन दिवस बोलली. छान बोलली. मग मीच माती खाल्ली. सगळ्या गावाचे अर्ज लिहितो मी. आता माझा कोणी लिहायचा?"

हसणे थांबले. मुलींचे पायही थांबले. ठेका तेवढा चालू, धब, धब, धब. बावतीसने बटणाकडे हात नेला.

"बंद करू काय?"

"नको," वैशाली म्हणाली. "राहू दे."

आणि त्या भयाण शांततेत, अगदी ठेक्यावर, कर्णा किंचाळला :

"अगं, भात लागला! भात लागला! भात... आई गं, हात भाजला!" आणि पातेले आपटल्याचा प्रचंड आवाज.

असा हशा त्या गच्चीने पुन्हा ऐकला नाही.

कार्यक्रमानंतर प्रतिक्रिया अर्थातच संमिश्र होत्या. दळवींच्या मते मूळ गाणेच बरे. "ओरिजिनल छोडो, रिमिक्स छोडो," जिग्ना म्हणाली, "अंकल का भात मिक्स सबसे बेस्ट!" तळमजल्यावरच्या आजोबांनी माझा हात हातात घेऊन पाणीटंचाईवर निर्भीडपणे बोलल्याबद्दल आभार मानले. बावतीसने तर एक प्रत भरून मागितली. मी सर्वांना नम्रपणे नमस्कार केला आणि कोणाशीही न बोलता घरी येऊन दार लावून घेतले.

थोड्या वेळाने चिमणी बोलली. दारात वैशाली. हातात प्रसादाचे द्रोण.

"किल्ली विसरलीस?"

"नाही." तिने किल्ली दाखवली. "वाजवून बघितली."

ती आत आली. कानात काही नव्हते. माझ्या भाजलेल्या बोटाकडे बघत म्हणाली, "आईशी रोज बोलता?"

"छे! रविवारीच. इतर दिवशी कामाचा ताण असतो."

"मग इतर दिवशी माझ्याशी बोलत जा."

"लेखी की तोंडी?"

"बाबा!"

लग्न होऊन वैशाली नाशिकला गेली, तेव्हा टेपरेकॉर्डर आणि ती कॅसेट, दोन्ही घेऊन गेली. जावईबापू फार आखडूपणा करू लागले की ती त्यांना 'सदर बापाने' पासून ऐकवते, असे कळते. रिकी-रोमा केव्हाच फुटले. जिग्नाचे बिऱ्हाड इंद्रलोक नावाच्या वसाहतीत राहावयास गेले. वरच्या मजल्यावर आता एक शांतताप्रिय कुटुंब राहते, आणि चिमणीची पुन्हा फक्त गॅसवाल्याशी ओळख आहे. तरीही रविवारी भात टाकला की मी वसुधेशी बोलताना शब्दोच्चार अत्यंत स्पष्ट ठेवतो, वाक्ये पूर्ण करतो आणि भात लागलाच, तर छताकडे बघून ठेक्यातच ओरडतो. न जाणो, वर कोणी नाचावयास आलेले असले तर आपल्यामुळे त्यांचा पाय चुकू नये!